ग्रहणाचा तंबू

खग्रास सूर्यग्रहण बघायला आम्ही दूर माळरानावर मुक्काम करायचं ठरवलंय. काल हॉलमध्ये तंबू उभारून बघत होतो. माळरानावरची जागा शोधली माझ्या गरोदर भाचीनं, मुग्धानं. गाडी तिनंच ठरवली, ग्रहणाचे चष्मेही तिनंच मागवले. आणि तिच्या सासूबाई म्हणतात, "तू मात्र ग्रहण सुटेपर्यंत तंबूतच बस हो, चेन लावून."

माझं डोकंच फिरलं. भरदिवसा तारे दिसणार, ते आम्ही बघायचे आणि हिनं कापडाकडे बघत बसायचं? ग्रहण लागणार सूर्याला आणि कोंडायचं बाईला! जावईबापू तर शेजारी बसून खुशाल चहा पीत होते.

मुग्धानं शांतपणे काठ्या काढल्या, तंबूची घडी घातली.

"आई, तंबू नेतच नाही. सगळेच उघड्यावर झोपू."