आवाज पुढे, चित्र मागे

फणसवाडीतल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कालिंदी विजयकर राहतात. लग्न केलं नाही. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग कंपनीत टेलेक्सवर लागल्या आणि हेडक्लार्क होऊन तिथूनच रिटायर झाल्या. टेलेक्स गेला, फॅक्स आला, मग कॉम्प्युटर आले. नवं मशीन आलं की बाकीचे हात मागे घेत आणि विजयकरबाई मॅन्युअल उघडून बसत. निरोपाच्या दिवशी स्टाफनं त्यांना डीव्हीडी प्लेयर दिला. घरी आणला, टीव्हीला जोडला आणि समोरच्या दाराची कडी वाजवली.

समोर नलू सामंत राहायची. महापालिकेच्या शाळेतली बाई, नवरा तरुणपणीच गेलेला, मुलगा रमाकांत तेव्हा नुकता नोकरीला लागलेला. त्या दुपारी दोघींनी सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून रविवारची दुपार सिनेमाची झाली. जेवणं आटोपली की नलू सुपारीची डबी घेऊन यायची आणि पलंगाला टेकून बसायची. डिस्का जमत गेल्या. काही विकतच्या, काही फूटपाथवरच्या, काही कुणीकुणी टाकून दिलेल्या. कपाटाचा खालचा कप्पा भरला तेव्हा कालिंदीताईंनी साड्या वर सरकवल्या.

नलूला काचबिंदू होता, हे कळायला उशीर झाला. आधी ती पलंगावरून उठून खुर्चीत आली, मग खुर्ची पुढे ओढू लागली. एका रविवारी ती परत पलंगाला टेकून बसली. कालिंदीताईंना बरं वाटलं, औषध लागू पडतंय म्हणून. अर्ध्या सिनेमात नलू म्हणाली, "आता तो कुणाकडे बघतोय गं?"

कालिंदीताईंनी वळून पाहिलं. नलूचं तोंड टीव्हीकडे नव्हतंच.

"तिच्या आईकडे," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून सिनेमा सांगायला लागल्या.

सुरुवातीला सांगणं जमेना. दिसेल ते सगळं सांगायच्या आणि संवाद बुडायचे. नलू वैतागायची. "रडतेय ते मला ऐकू येतंय. नेसलीय काय ते सांग." हळूहळू हात बसला. बोलणं सुरू असताना गप्प राहायचं. बोलणं थांबलं की एवढंच म्हणायचं, "खिडकीशी गेली. पत्र फाडलं नाही, घडी घातली." नलू मान हलवायची. कधी "थांबव" म्हणायची. कालिंदीताई रिमोट दाबायच्या, मग खोलीचा रंग, भिंतीवरची तसबीर, बाईच्या कानातलं, सगळं निवांत सांगायच्या. तेच तेच सिनेमे होते, पण आपण ते आधी नीट पाहिलेच नव्हते असं कालिंदीताईंना वाटायचं.

मग गेल्या वर्षी नलू न्हाणीघरात पाय घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि रमाकांत तिला बदलापूरला आपल्या घरी घेऊन गेला. "मावशी, इथं जिने चढवत नाहीत आता तिला," तो म्हणाला. ते खरंच होतं. समोरच्या दाराला कुलूप लागलं.

त्याच दिवसांत टीव्हीही गेला. चित्र आक्रसत आडव्या रेघेवर आलं आणि मग तीही विझली. पिक्चर ट्यूब आता मिळत नाही, मेकॅनिकनं सांगितलं. कालिंदीताईंना वाईट वाटलं नाही. बघायचं होतं कुणाला?

दिवस कसेही जातात. सकाळी दूध, पेपर, मग बाजार. पण एका संध्याकाळी बँकेतून कसला तरी फोन आला आणि पलीकडची मुलगी म्हणाली, "सॉरी मॅडम, झोपला होतात का?" कालिंदीताई झोपल्या नव्हत्या. सकाळपासून तोंडातून शब्द निघाला नव्हता, म्हणून आवाज तसा आला होता.  फोन ठेवून त्यांनी कपाटाचा खालचा कप्पा उघडला.

घरात कॉम्प्युटर होता. भाचा ध्रुव जर्मनीला जाताना ठेवून गेला होता, स्क्रीनच्या पाठीतच सगळं मशीन बसवलेला. पडदा टीव्हीपेक्षा मोठा, पण डिस्क घालायला जागाच नाही. ध्रुवला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, "आत्या, डीव्हीडी कोण बघतं आता? सगळं नेटवर आहे."

"नेटवर आहे ते मला माहीत आहे," कालिंदीताई म्हणाल्या. "माझ्या कपाटात आहे त्याचं काय करायचं ते सांग."

त्यानं बाहेरून लावायचा डिस्क ड्राइव्ह पाठवला. फारशा न लावलेल्या डिस्का त्यावर चालल्या. पण ज्या रविवारमागून रविवार लावून झिजल्या होत्या, त्या ड्राइव्ह घेईना. जरा घरघरायचा आणि ओकून टाकायचा. जुना प्लेयर मात्र त्याच डिस्का कुरकुरत का होईना, वाचायचा. टीव्ही नव्हता म्हणून दिसायचं काही नाही, पण समोरच्या चौकोनात आकडे पळायचे. म्हणजे आत सिनेमा चालू होता. तो कॉम्प्युटरवर आणायचा, एवढंच काम होतं.

प्लेयरच्या पाठीला पिवळं, लाल, पांढरं अशी तीन भोकं. कॉम्प्युटरला चपटं एचडीएमआयचं भोक. कालिंदीताई लॅमिंग्टन रोडला गेल्या आणि एका टोकाला तीन पिना, दुसऱ्या टोकाला चपटी पीन अशी वायर घेऊन आल्या. जोडली. पडदा काळा. पुन्हा जोडली, तरी काळा.

दुसऱ्या दिवशी त्या वायर घेऊन परत गेल्या. दुकानदार गिऱ्हाइकात होता. त्यानं वायरकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मॅडम, ही टीव्हीची आहे. तुम्ही कॉम्प्युटरला लावली?"

"तुम्हाला सांगितलं होतं मी, कॉम्प्युटर आहे म्हणून."

"कॉम्प्युटरचं ते भोक आउट आहे. फक्त बाहेर देतं, आत नाय घेत काही." त्यानं वायर बदलून एक छोटी डबी दिली, एका बाजूला तीन रंगांची भोकं आणि दुसऱ्या बाजूला यूएसबी. "हे कॅप्चरवालं घ्या. पण सिनेमा बघायला कुणी नेत नाय हे. लोक जुन्या लग्नाच्या कॅसेट उतरवायला नेतात."

डबीबरोबर चिटोऱ्याएवढा कागद होता, त्यावरचं इंग्रजी धड नव्हतं. कालिंदीताईंनी चष्मा पुसला आणि ऑफिसात बसायच्या तशा बसल्या. प्रोग्राम उतरवून घेतला. पडद्यावर काळा चौकोन आला. मग ध्यानात आलं की प्रोग्राम कॉम्प्युटरच्या झाकण लावलेल्या कॅमेऱ्याकडे बघतोय, डबीकडे नाही. ते बदललं. चित्र उमटलं, पण बिनरंगाचं आणि खालून वर पळणारं. एका यादीत टीव्हीच्या चित्राची अमेरिकेतली पद्धत निवडलेली होती. ती काढून आपल्याकडची लावली. चित्र थांबलं. रंग आले. पडद्यावर एक बाई विहिरीवर पाणी शेंदत होती.

"लागलं," कालिंदीताई मोठ्यानं म्हणाल्या. खोलीत कुणी नव्हतं.

आवाज काही डबीतून येईना. त्यांनी लाल-पांढऱ्या वायरी काढून ध्रुवच्या जुन्या स्पीकरांना थेट जोडल्या. आवाज आला, स्वच्छ आला, पण चित्राच्या पुढे. कळशी आधी विहिरीत आपटायची आणि मग बाईच्या हातून दोर सुटायचा. माणसं बोलून झाल्यावर ओठ हलवायची. त्यांनी प्रोग्राममध्ये जे जे बदलता येईल ते बदलून पाहिलं. दुकानात फोन केला, तर दुकानदार म्हणाला, चित्र डबीतून फिरून येतं, तेवढं मागे राहणारच. सवय होईल.

सवय झाली नाही. पुढच्या रविवारी त्यांनी एक सिनेमा लावला आणि मध्यंतराच्या आत बंद केला. इतक्या खटपटीनं जोडलेलं, पण बघताना डोकं दुखायचं. त्याहून वाईट म्हणजे मध्येमध्ये त्यांचं तोंड आपसूक उघडायचं, "आता ती..." आणि मिटायचं.

नलूचा फोन अधूनमधून यायचा, तोही संध्याकाळी. त्यानंतरच्या रविवारी तो दुपारीच आला. सिनेमा चालू होता.

"काय गं, कुणी आलंय?" नलूनं विचारलं.

"नाही. सिनेमा लावलाय."

"टीव्ही घेतलास?"

"कॉम्प्युटरवर जोडलाय." पुढचं त्या सांगणार, तोच नलू म्हणाली, "थांब, थांब. हा तो वकिलाचा. ऐकू दे."

कालिंदीताईंनी फोन स्पीकरजवळ उशीवर ठेवला आणि स्वतः त्याच्याशी वाकून बसल्या.

"दार वाजलं," नलू म्हणाली.

पडद्यावर अजून दार शांत होतं. मग ते हललं. "हो, वाजलं," कालिंदीताई म्हणाल्या.

"काचेचं काहीतरी फुटलं."

थोड्या वेळानं वकिलाच्या हातून पेला निसटला. कालिंदीताईंना हसू आलं. त्यांनी नलूला सगळा घोटाळा सांगितला, आवाज पुढे आणि चित्र मागे कसं ते. नलू बदलापुरात इतकी हसली की पलीकडे सुनेनं, सुभद्रानं, काय झालं म्हणून विचारलेलं ऐकू आलं.

"म्हणजे मला आधी दिसतं आणि तुला मागून," नलू म्हणाली. "तू आपली माझ्यामागून ये आता."

त्या दुपारी नलूनं सिनेमा सांगितला आणि कालिंदीताईंनी तिच्यामागून पाहिला. डोकं दुखलं नाही.

असे काही रविवार गेले. कालिंदीताई शनिवारीच डिस्क काढून पुसून ठेवायच्या. पण रमाकांतचं घर दोन खोल्यांचं. रविवारी सगळे घरात, त्यांचा टीव्ही चालू, नातवंडांची धावपळ. नलू फोन कानाला दाबून बसायची आणि मध्येच, "काय म्हणालीस? परत सांग." पुढेपुढे ती नुसतं "हं, हं" करू लागली. एकदा सुभद्रानं फोन घेतला. "मावशी, राग नका मानू. आईंचा हात भरून येतो फोन धरून. आणि रविवारी सगळे घरात असतात, तर मुलांना वाटतं आजीनं आपल्यात बसावं."

"अगं, बरोबरच आहे मुलांचं," कालिंदीताई म्हणाल्या.

खरोखरच बरोबर होतं. सुभद्रा करणारी होती, नातवंडं जवळ होती. नलूचं चांगलं चाललं होतं. कालिंदीताईंनी स्वतःला हे समजावलं, आणि त्या रविवारी चार वाजेपर्यंत अंथरुणावर पडून राहिल्या. झोप लागली नाही. खाली वाडीत कुणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज ऐकत राहिल्या.

सोमवारी सकाळी फोन वाजला.

"सगळी गेली आपापल्या कामाला," नलू म्हणाली. "घर कसं सुनं सुनं झालंय. काल कुठला लावलास?"

लावलेला नव्हता, पण कालिंदीताईंनी एक नाव सांगितलं, पाठ असलेला सिनेमा होता, आणि तो सांगितलाही. नलूला आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून आता संवादही सांगावे लागले. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. तेव्हापासून रविवारी एकट्यानं बघायचं आणि सोमवारी सांगायचं असं होऊन बसलं. एकटीनं बघताना आता बरं वाटायचं, कारण उद्याचं ध्यानात ठेवायचं असायचं. मात्र नलू दर सोमवारी भेटायची असं नाही. कधी तिला दवाखान्यात न्यायचे, कधी नुसतीच रिंग वाजत राहायची. मग तो सिनेमा आठवडाभर कालिंदीताईंच्या डोक्यात पडून राहायचा.

पावसाळा संपता संपता प्लेयरनं डिस्क वाचणं सोडलं. चौकोनात आकडे येईनात, नुसतं "नो डिस्क". दुसरी घातली, तिसरी घातली. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदारानं झाकण उघडून पाहिलं आणि लेन्स गेली म्हणाला. "हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला, मॅडम. ठेवून काय करणार? देऊन टाका." त्यांनी दिला नाही. पिशवीत घालून परत आणला, कॉम्प्युटरशेजारी ठेवला आणि वायरी होत्या तशा जोडून ठेवल्या.

त्या सोमवारी नलूचा फोन जरा उशिरानं आला. आवाज दमलेला होता. "रात्री खोकले गं. काल काय बघितलंस?"

पाठ असलेले बहुतेक सगळे सांगून झाले होते. प्लेयर गेला हे सांगावं असं मनात आलं. पण ते सांगितलं, तर सोमवारी फोन करायला नलूला काही कारण उरणार नव्हतं.

"एका बाईची गोष्ट होती," कालिंदीताई म्हणाल्या. "महाडला खानावळ असते तिची. नदीकाठी."

"नाव काय सिनेमाचं?"

"कव्हर नव्हतं डिस्कला."

"बरं. पुढे?"

"सकाळची वेळ. ती चुलीपुढे बसलीय, आणि जिन्यावरून कुणीतरी उतरतंय. चेहरा दिसत नाही, नुसते पाय." कालिंदीताई थांबल्या. समोरच्या काळ्या पडद्यात त्यांना खिडकी दिसत होती आणि खिडकीतला उजेड. "पाय अनवाणी आहेत. बाई वर बघत नाही. पण तिनं भाकरी थापायची थांबवलीय."

पलीकडे सुपारीची डबी उघडल्याचा आवाज आला. 

"हा आपण पाहिलेला नाही," नलू म्हणाली.

"नाही. हा नवीन आहे."

"मग सावकाश सांग. मला कुठं जायचं नाहीये. कोण आहे तो?"

कालिंदीताईंना ते अजून ठाऊक नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि त्या माणसाला जिन्यावरून आणखी एक पायरी खाली उतरवलं.