विस्तवाविना खवा

माझा नवरा गेल्याच्या नवव्या दिवशी मी दुकानात जाऊन खवा आटवला. त्याबद्दल अजून बोललं जातं, म्हणून हे लिहिते आहे.

मिशिगनमधल्या आमच्या शहरात त्याचं मिठाईचं दुकान. मी वाचनालयात काम करते. भट्टीशी माझा संबंध चव बघण्यापुरता. हवेतला कार्बन कमी करायचा म्हणून शहराने दुकानांना गॅस सोडायला सांगितलं, तेव्हा तो आठवडाभर धुमसत होता. "यांनी कधी दूध आटवलंय का?" बाजारातल्या विजेच्या शेगड्या सपाट, आमची कढई गोल बुडाची. गोल शेगड्याही मिळत, पण त्या भराभर परतायच्या कामाच्या. मंद आच त्यांना धरता येत नव्हती. शेवटी रागारागानेच त्याने तांब्याच्या तारेचं वेटोळं वाटीच्या आकारात वळवून स्वतःच विजेची शेगडी केली; तारेतून वीज गेली की त्यात बसवलेली कढईच तापायची. दोन हिवाळे दूध करपलं. तिसऱ्यात जमलं. नियम आला नसता तर त्याने गॅसच जाळला असता, हे मी लपवत नाही. पण नियमाने नुसतं 'गॅस नको' म्हटलं होतं. गॅसऐवजी काय, हे त्याने शोधलं.

शहराच्या चाचणीत उतरली की ती शेगडी इतरांनाही बसवता येणार होती. तारीख नेमकी नववा दिवस. चुकली तर पुढचं वर्ष, आणि मागे एक मोठी कंपनी तसलीच शेगडी घेऊन रांगेत होती.

"आई, कॅन्सल करू का?" मुलीने विचारलं. "दे विल अंडरस्टँड."

"नको."

नवऱ्याच्या मावशी आमच्याकडे राहिल्या होत्या. "अगं, सुतकात चूल पेटवत नाहीत. तू तर भट्टी लावायला निघालीस!"

"पेटवायचं काहीच नाही मावशी. विस्तव नाही त्यात."

"मग दूध कशावर आटतं? माझ्या बोलण्यावर?"

नऊ दिवसांत मुलगी पहिल्यांदा हसली. मावशी मात्र कोट चढवून आमच्यामागे आल्याच.

चाचणीला आलेल्या बाई हळूच म्हणाल्या, अशा वेळी अर्ज मागे घेतलात तरी चालेल. मी दूध ओतलं.

तासाभराने माझा हात भरून आला. उलथनं मंदावलं. सुतकात मला शिवायचं नाही म्हणून मावशी खिशात हात घालून दाराशी उभ्या होत्या. त्या तरातरा आल्या आणि माझ्या हातातून उलथनं ओढून घेतलं. "सरक. खाली लागेल."

खवा कढईपासून सुटला. बाईंनी तळ खरवडून पाहिला. करपल्याचा डाग नव्हता. अर्जात शोधकाच्या रकान्यात त्याचं नाव होतं. हयात माणसाचं घातलंत तर पुढचं सोपं जाईल, असं त्या म्हणाल्या.

"चालवणारी म्हणून माझं घाला," मी म्हटलं. "ते नाव राहील."

राहिलं. आमच्यापासून दोन दारांवर एक मेक्सिकन मिठाईवाला आहे, तोही दूध आटवतो. त्याच्याकडे आता तीच शेगडी आहे, वर माझ्या नवऱ्याच्या नावाची पट्टी. मी सुतक मोडलं म्हणणाऱ्यांनी तिथे जाऊन ती वाचावी.