तात्यांचं पान

मुंबईची बोट मालवण बंदराबाहेर थांबली आणि आम्ही हेलकावणाऱ्या पडावात (मोठ्या होडीत) उतरलो, तेव्हा माझं पोट ठिकाणावर नव्हतं. सदू मात्र खुशाल गात होता. सदू माझा कचेरीतला सोबती. आचऱ्याच्या वरच्या अंगाला त्याच्या मामांची वाडी, तिथे आम्ही शिकारीला निघालो होतो.

या मामांना सगळे तात्या म्हणत. साठी उलटलेली, अंग काटकुळं. दोन अंगठ्यांत झाडाचं पान ताणून ते फुंकीत, की भेकराचं (लहान जातीच्या हरणाचं) पिल्लू रडतंय असा आवाज निघे आणि भेकर जवळ येई. वाडीत पान वाजवण्याचा मान एकाचाच, आणि तो कित्येक वर्षं तात्यांचा. यंदा मात्र शिमगा उलटला तरी शिकार नव्हती. तात्यांचा दम सरला, असं लोक देवळात उघड बोलू लागले होते. दुसरा दिवस हंगामाचा शेवटचा; त्या दिवशीही रिकामे परतले, तर पान दुसऱ्याकडे जाणार होतं. रात्री आंबोळ्या वाढताना मामींनी मला हे हळूच सांगितलं. तात्या जेवलेच नाहीत.

सकाळी वाऱ्याकडे तोंड करून आम्ही जांभ्याच्या कड्याआड बसलो. तात्यांनी एकदाच, अगदी हलकं पान वाजवलं आणि थांबले.

"आणखी वाजवा ना," मी कुजबुजलो.

"हंगामाच्या शेवटाक भेकर शाणा होता. जास्ती वाजयला तर पळान जाता."

बऱ्याच वेळाने पुन्हा एक फुंकर. समोरची करवंदीची जाळी हलली. सदूने ठासणीची बंदूक उचलली, आणि जाळीतून बाहेर आली ती काठी घेतलेली शेजारची गंगाबाय!

"मेल्यांनो, माझा करडू खंय लपयलास?"

सदूने बंदूक अशी खाली टाकली, की पुन्हा दिवसभर तिला शिवला नाही.

"करडू नाय गो! मी पान वाजवतंय," तात्या म्हणाले.

"कालपासून हरवला हा माझा करडू. आता त्येकाच बोलव!"

तात्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत नवं पान तोडलं. या वेळी आवाज जाड, थेट शेळीचा. लगेच घळीतून बारीक उत्तर आलं. दोन दगडांत अडकलेलं करडू तात्यांनी स्वतः उतरून काढलं.

ते खांद्यावर टाकून आम्ही परतलो. लांबून चार पाय दिसले आणि देवळापाशी ढोल सुरू झाला. जवळ येताच तो थांबला आणि हशा पिकला. तात्यांनी मान खाली घातली. मग गंगाबाय पुढे झाली.

"हसतास काय? रानातसून बोलवन आणल्यान हेना! तुमच्यातलो कोण आणीत?"

गावकारांनी (गावच्या मानकऱ्यांनी) मिशीत हसत सांगितलं, पान तात्यांकडेच राहील. त्या दिवशी सगळी वाडी काळ्या वाटाण्याची उसळ जेवली आणि तात्यांनी तीनदा मागून घेतली. मला इतका आनंद झाला, की शिकार हुकल्याचं दुःख करायचं राहूनच गेलं.

परतताना तात्या बंदरावर पोचवायला आले. पडाव बराच आत गेल्यावर मागून पिल्लाचं रडणं ऐकू आलं. मी चटकन उठून उभा राहिलो.

"बसा हो! बुडवशात सगळ्यांका!" पडाव हाकणारा तांडेल ओरडला.

वारा समोरून, लाटांचा आवाज, वर बोटीचा भोंगा, आणि तरी ते पान मला ऐकू येत होतं. दम सरला म्हणणाऱ्यांना त्या पडावात आणून बसवायला हवं होतं.