दादाचा शब्द

अबुधाबीतल्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहणाऱ्या गुणवंत सावंताला निर्णय घ्यायचा म्हटलं की घाम फुटायचा. आखातातल्या नोकरीनं त्याला दोन शब्द बहाल केले होते. टाळायचं असलं की 'इन्शाल्ला', थांबवायचं असलं की 'खलास'. साइटवर क्रेनवाल्याला खलास, जेवताना बायकोनं, प्रमिलानं, भात वाढायला घेतला की खलास. एवढ्या भांडवलावर गृहस्थाचं बरं चाललं होतं.

कोकणातल्या घरी मात्र घोडं अडलं होतं ते वडिलांच्या, आप्पांच्या, जुन्या रिव्हॉल्व्हरवर. आप्पा गेले, त्यांच्याबरोबर परवानाही संपला. धाकटा भाऊ भिकाजी विचारून विचारून थकला. "दादा, नावावर करून ठेवू की विकू? तू थोरला, तुझ्या शब्दाबाहेर मी नाही." दादाचं उत्तर ठरलेलं, "बघू रे, इन्शाल्ला." खरं तर आप्पांनी एकट्या गुणवंताला सांगून ठेवलं होतं की नळी तडकलीय, बार काढला तर हातातच फुटेल. हे गावात कळलं तर आप्पांचा दरारा जायचा, म्हणून गुणवंत मूग गिळून गप्प. गेलेल्या माणसाच्या दराऱ्याची केवढी ही काळजी!

दसऱ्याला प्रमिला फ्लॅटच्या दाराला तोरण बांधत होती, तेवढ्यात भिकाजीचा व्हिडिओ कॉल आला. अंगणात पाटावर शस्त्रपूजा मांडली होती. विळा, कोयता आणि मधोमध झेंडू वाहिलेलं ते रिव्हॉल्व्हर. भिकाजीनं ते उचललं.

"दादा, आप्पांच्या नावानं एक बार काढतो. मग ठेवायचं की विकायचं ते बघू."

गुणवंत फोनवर वाकला. "नको रे, ती नळी..."

नेटवर्कनं नेमका तेव्हाच दगा दिला. चित्र गोठलं.

"ऐकू येत नाही! काढू ना बार?"

"खलास!" गुणवंत जिवाच्या आकांतानं ओरडला. "खलास, खलास!"

चित्र हललं. भिकाजी हसत होता. त्यानं हात वर केला आणि चाप ओढला.

टक्.

"बाबा, व्हॉट हॅपन्ड?" लेक अवनी धावत आली. गुणवंताला तिच्याकडे बघायचं भान नव्हतं.

"काडतूस सर्दलंय वाटतं," म्हणत भिकाजीनं पुन्हा हात उचलला.

"भिक्या, खाली ठेव! नळी तडकलीय! हात जाईल तुझा!"

या वेळी सगळे शब्द पोचले. भिकाजीनं रिव्हॉल्व्हर हळूच पाटावर ठेवलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ठेवायचं नाही, विकायचंही नाही," गुणवंत म्हणाला. "आजच्या आज पोलिसांत जमा कर."

"करतो. पण मग मघाशी खलास का म्हणालास?"

"म्हणजे थांब रे! इथं तसंच म्हणतात."

भिकाजी बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला.

"मला वाटलं, बार उडवून टाक म्हणतोयस," तो म्हणाला. "बरं वाटलं रे. म्हटलं, दादानं एकदाचं काहीतरी ठरवलं."