तिच्या वाटची बरणी

मोहालीतल्या नोकरीसाठी चंदीगडला राहायला आले, तेव्हा मागच्या अंगणाच्या भिंतीपलीकडे द्राक्षांचा मांडव दिसला. त्याखाली पांढऱ्या दाढीचे एक सरदारजी वाईन करत बसलेले असत. नाव मी कधी विचारलंच नाही, नुसतं अंकलजी म्हणायचे.

ते रसात आंबटपणा मोजायची कागदाची पट्टी बुडवून उन्हात धरत. तिचा रंग बदलेपर्यंत सगळी दुपारच थबकल्यासारखी वाटे. आंबटपणा कमी भरला तर वाईन टिकवणारी सल्फाइटची पूड जरा जास्त पडे, आणि विझलेल्या काडीसारखा वास भिंतीवरून तरंगत माझ्यापर्यंत येई.

कोपऱ्यातल्या एका बरणीत मात्र ते पूड टाकत नसत.

"अंकलजी, ये खराब नहीं होगी?" मी एकदा विचारलं.

"होगी जी, पक्का होगी. पर सल्फाइट से उसकी साँस फूलती है."

ती म्हणजे त्यांची बायको, नातवंडं सांभाळायला कॅनडाला गेलेली. दर हिवाळ्यात येते म्हणते, आणि दर हिवाळ्यात काहीतरी निघतं. तोवर बरणीतली वाईन आंबून तिचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, होतो. मग अंकलजी त्यात छोटे कांदे मुरवतात आणि गुलाबी झाले की वाटीभर मला देतात. तिच्या वाटची वाईन मी अशी पोळीबरोबर खाते.

यंदा मांडव पुन्हा घडांनी लवला. अंकलजी तीच बरणी धुऊन उन्हात पालथी घालत होते. न राहवून मी म्हटलं, "इस बार इसमें भी थोड़ा सल्फाइट डाल दीजिए. आंटीजी तो आती नहीं."

ओल्या हातांनी त्यांनी बरणी नीट पालथी ठेवली.

"और आ गई तो?"