श्वास मोजणारी घरमालकीण

जगातल्या यच्चयावत प्राण्यांचे श्वास मोजायची जबाबदारी देवाने आपल्या एकटीवर टाकली आहे, अशी माझ्या नवापूरच्या घरमालकिणीची ठाम समजूत होती. एकोणीसशे पासष्टच्या आसपास मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो आणि तिच्या मागच्या खोलीत राहू लागलो. पहिल्याच रविवारी दुपारच्या झोपेतून उठलो तर ही उंबऱ्यात बसलेली. "मास्तर, तुमी झोपेत मधीच थांबता," ती गंभीरपणे म्हणाली. "आज तीनदा थांबलात. घरच्यांना ठावं हाय ना?" कोंबड्याचे, मांजराचे, पंगतीत जेवून सुस्तावलेल्या व्याह्यांचेसुद्धा श्वास ती मोजायची आणि हिशेब तोंडावर सांगायची. त्यामुळे लग्नकार्यात तिच्या शेजारी बसायला सहसा कोणी धजत नसे.

खरा जीव मात्र खाडीतल्या प्राण्यांवर. ओसरीवर फुटक्या रांजणाच्या बुडात तिने खाडीचा काळा चिखल आणि पाणी भरून ठेवलं होतं, आणि त्यात निवटे म्हणजे चिखलावर सरपटणारे छोटे मासे, खेकडे, शिंपले सोडले होते. पाणी शिळं झालं की खेकडा काठावर येऊन फेस काढायचा. निवटा वर येऊन गाल फुगवायचा आणि तोंडभर हवा घेऊन चिखलातल्या बिळात जायचा. "बाजार करून चाललाय बगा घरला," ती कौतुकाने म्हणायची. शिंपला दोन्ही झडपा घट्ट मिटून दिवसचे दिवस निपचित पडे. "ही बाय शाणी. सासू घरात हाय तवर दार उघडायची नाय." नवरा गेल्यापासून तिने निवटे खाणं सोडलं होतं. कारण विचारलं तर म्हणे, "एवढी मेहनत करून श्वास घेतंय, त्याला मी कालवणात टाकू?" मी शाळेतलं जाडजूड पुस्तक काढून पाहिलं. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात जीव कसे तगतात हे त्यात दोन पानांत लिहिलं होतं. दोन्ही पानांत तिला ठाऊक नसलेलं असं काही नव्हतं. नावं तेवढी अवघड होती.

त्या वर्षी भादव्याच्या शेवटी समुद्राने वेगळंच केलं. एका सकाळी ओरडा झाला म्हणून धावलो, तर गुडघाभर पाण्यात मासळी दाटली होती. पाखट, वाम, शिंगाडे, सगळी तळाला राहणारी जात. लोक टोपल्या, धोतरं, पातेली घेऊन उतरले होते. माझी घरमालकीण तेवढी पाण्यात बोट बुडवून वास घेत उभी होती. "खालचं पानी मेलंय," ती म्हणाली. "घराला आग लागल्यावर मानसं भायेर पळतात, तशी आलीत ही. चार दिसांनी काय नाय उरायचं." लोक हसले. पाचव्या दिवशी किनाऱ्यावर पांढरी पोटं वर करून मासळी पडली, तिच्यावर घारी उतरल्या, आणि नंतर दोन-अडीच आठवडे जाळी रिकामी आली.

तिचा एकुलता एक मुलगा पंचविशीतला, हसरा गडी. घिवलीकडे मोठं बांधकाम सुरू झालं होतं, तिथे मजुरी मिळत होती. शेजारचे दोघे गेलेही. हा ओसरीवर येऊन बसला. "आये, तूच सांग. सिमेट उचलू की दर्यात जाऊ?"

"दर्यात जा," ती म्हणाली. "पन लांब जा. आन जाळं तळाला सोडू नको, वर धर. वरच्या पान्यात अजून जीव हाय."

दोन खेपा होडी भरून आली. ज्यांनी हसून घेतलं होतं तेच आता तिला विचारायला येऊ लागले, आणि तीही पदर कमरेला खोचून ऐटीत सांगू लागली. तिसऱ्या खेपेला दुपारी उलटा वारा सुटला. जवळ गेलेल्या होड्या परतल्या. लांब गेलेली ती एकच होती. तिच्यात मुलगा आणि आणखी दोघे. आठ दिवस गाव किनाऱ्यावर उभं राहिलं. बरोबरच्या एकाची बायको दारात आली आणि एवढंच म्हणाली, "काकी, तुमीच सांगितलं व्हतं." घरमालकिणीने मान हलवली. "व्हय बाय. मीच."

दुसऱ्या दिवशी तिने रांजणाचं बूड खाडीत नेऊन पालथं केलं. पुढे कोणी पाण्याबद्दल विचारलं तर म्हणे, "मला नाय कळत."

वर्षभराने माझी बदली माकुणसारला झाली. एका दुपारी शाळा सुटताना ती फाटकाशी दिसली. सुक्या बोंबलांची पुरचुंडी माझ्या हातात देऊन पायरीवर टेकली. 

"मास्तर, तुमच्या पुस्तकात असल म्हनून इचारते. पान्यात गुदमरताना मानसाला लई येळ दुखतं का?"

पुस्तकात काय होतं ते मला माहीत होतं. "नाही मावशी," मी म्हणालो. "आधी गुंगी येते. मग झोप लागल्यासारखं होतं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"खोटं बोलता तुमी," ती हळूच म्हणाली. "पन परत एकदा सांगा."

मी परत सांगितलं.