हर्षूची बँक आणि माझा तवा

बस सुमन. विरजण देते, पण आधी ऐक. आणि आत्ताच सांगून ठेवते, यातला एक शब्द जरी खरा मानलास तर नाव बदलीन! नाहीच मानणार तू. मीसुद्धा मानला नसता, पण मी तिथंच होते, स्वयंपाकघराच्या दाराआड, कान लावून.

हे किस्से ना, गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांसारखे झालेत. एक उचलावा तर त्याला दुसरा चिकटलेला. घरात एक पोर, पोरीच्या मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपात एक साहेब. मग काय, रोज नवा तमाशा!

तुला माहीतच आहे, हर्षू पुण्याला शिकते. उन्हाळ्यात तिला मुंबईच्या मोठ्या बँकेत दोन महिन्यांचं काम लागलं. इंटर्नशिप. म्हणजे नव्या सुनेला कसं आधी बघून घेतात, हाताला चव आहे का, उलटून बोलते का, तसं. पाच पोरं घेतलेली, त्यातली दोनच पक्की करणार. पोरीनं तर ध्यासच घेतला होता. आणि पहिल्याच हप्त्यात ऑफिसच्या जिन्यावरून घसरली! पायाला प्लास्टर. साहेब म्हणाला, घरून कर. आता माझा पोरगा आणि सून नंदुरबारला नोकरीला, दिवसभर घराला कुलूप. म्हणून ती इथं ब्राह्मणपुरीला, माझ्याकडे.

एरवी दिवाळीला येते ती बॅगेची चेन न उघडता परत जाते. या वेळी पळणार कुठं?

*

आधी मला कळेच ना, ही कसली बँक. ना काउंटर, ना कॅशियर, ना जेवायची सुट्टी!

"आजी, ही वेगळी बँक आहे. एका कंपनीला दुसरी कंपनी घ्यायची असली की आम्ही मधे असतो."

"म्हणजे सोयरीक जमवणारे!"

"नाही गं!" मग स्वतःच हसली. "हो, तसंच काहीसं."

मला कुठं राहवतं? मी गल्लीत सांगून आले, नातीनं बँक घरीच आणलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी दगडूनाना पासबुक घेऊन हजर! हर्षूची मीटिंग चालू. वर काळा कोट, खाली माझा जुना परकर, प्लास्टरचा पाय पाटावर. नाना सरळ तिच्या मागं जाऊन उभे.

साहेब म्हणाला, "हे कोण?"

नानांनी तोंड पार स्क्रीनला लावलं. "साहेब, पेन्शन जमा व्हयनी नही अजून. जरा देखा ना!"

साहेब गडबडला बिचारा. म्हणाला, "आय विल चेक."

नाना खूश! "असा साहेब आपल्या तालुक्यात नही!" दुपारी ओट्यावर आणखी चार जण पासबुक घेऊन बसलेले. हर्षू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, कारण खाजेला स्वेटर विणायची सुई पाहिजे होती, प्लास्टरमध्ये घालायला.

*

बरं, काम काय करते ते सांगेल तर शप्पथ. कंपनीचं नावच घ्यायचं नाही! म्हणे, त्या कंपनीला आम्ही 'प्रोजेक्ट गरुड' म्हणतो.

मी म्हटलं, "बाई गं, आम्ही नवऱ्याचं नाव घेत नव्हतो, तुम्ही गिऱ्हाइकाचं घेत नाही. सुधारलं कोण मग?"

पण गरुडाचं असं, की ही रोज नवापूरच्या आपल्या संजूला फोन करणार. तो पोल्ट्रीवाला ना. अंडी कुठं पाठवता, खाद्य कुठून आणता, रोग आला तर काय करता. चार दिवस ऐकलं मी. पाचव्या दिवशी भर गल्लीत ओरडले, "हर्षू, हाऊ कसाना गरुड? हाई ते कोंबडी शे!"

एका पायावर उडी मारत आली गं पोर, आणि माझं तोंड दाबून धरलं! दोन मिनिटं सोडेना. डॉक्टरनं सांगितलं होतं, पाय टेकू नको. तिनं टेकला नाही, तेवढं खरं.

*

आणि तो निळा रंग! डोकं उठलं होतं माझं. सकाळी हर्षूनं लॅपटॉपवर एक पान करून साहेबाला पाठवलं. परत आलं. का? तर निळा चुकला. "हा निळा नाही, आपला निळा." पुन्हा पाठवलं. निळा बरोबर, पण चौकोन केसभर डावीकडे पाहिजे. पुन्हा. आता चौकोन बरोबर, पण पहिलाच निळा बरा होता!

जेवणाचं ताट तसंच. भाकरीचं चामडं झालं. मी म्हटलं, "पहिले जेवी ले. तुन्हा साहेबले जेवण शे का नही?"

"आजी, अर्जंट आहे. सर वाट बघतायत."

बघतायत कसले! संध्याकाळपर्यंत त्यांचा पत्ता नाही. आणि सकाळी काय लिहिलं? 'आता हे पान लागणार नाही.'

माझ्या लग्नाच्या शालूला एवढा वेळ लागला नव्हता, सुमन. अर्थात, मला विचारलंच नव्हतं.

*

मग मी पण शिकले. रविवारी तिला पापड लाटायला बसवलं. पाय मोडलाय, हात तर धड आहेत! तिनं एक लाटला. मी उचलून उजेडात धरला, चष्मा पुसला.

"छान आहे. पण गोल मधोमध नाही. पुन्हा कर."

दुसरा. "हा गोल आहे. पण आपला गोल नाही."

तिसऱ्याला म्हटलं, "मी जरा झोपते, तोवर तयार ठेव. अर्जंट आहे." आणि झोपले! उठून म्हटलं, "आता पापड नको. कुरडया करू."

पोरीनं लाटणंच फेकलं! मग दोघी हसत सुटलो. मग हसता हसता ती रडायला लागली. "आजी, बाकीची चौघं रोज सरांसमोर बसतात. मला त्यांनी नुसतं चौकोनात पाहिलंय. कशाला घेतील मला?"

मी पदरानं तिचं तोंड पुसलं. त्या दिवसापासून साहेब माझ्या डोक्यातच गेला.

*

तो खन्ना साहेब. हिंदीत इंग्लिश कालवून बोलायचा, आणि एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. आणि ऐकू यायचं आख्ख्या घराला, कारण हर्षूचं ते कानात घालून ऐकायचं बोंडूक माझ्या हातून पाण्याच्या हंड्यात पडलं होतं. चुकून! अशी काय बघतेस? चुकूनच.

तर एकदा तो पोरीवर असा तापला, असा तापला. कुठलासा आकडा म्हणे खालच्या ओळीत गेला. मी मसाल्याच्या तयारीत होते. तव्यावर लाल मिरच्या टाकल्या, तेल जरा जास्तच सोडलं, आणि दार उघडं ठेवलं. आपली नंदुरबारची मिरची ती, एका मिनिटात घर भरलं! हर्षूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाक लाल, तोंडातून शब्द फुटेना.

तिकडे साहेब एकदम गप! मग कसा मऊ आवाज आला, "अरे, रोना नहीं. इट्स ओके. आज दोपहर छुट्टी ले लो."

दुपारी पोर आल्यापासून पहिल्यांदा माझ्या शेजारी आडवी झाली. कढी-खिचडी खाऊन घोरली सुद्धा.

झालं! मला किल्लीच सापडली. साहेबाचा आवाज चढला की मी तवा चढवायची. महिनाभर गल्ली खोकत होती. तू नाही का विचारायला आली होतीस, "माय, यंदा कितीक मसाला करी ऱ्हायनी?" आता कळलं?

हर्षू हात जोडायची. "आजी, ऑफिसात सगळे मला नाजूक म्हणायला लागलेत!"

"म्हणू दे. जेवतेस तर ना वेळेवर!"

*

आणि आता परवाचं ऐक. मग उठ.

परवा शेवटची मीटिंग. मोठी मोठी माणसं बसणार, आणि पक्की कोण ते तिथंच सांगणार. हर्षूनं सकाळीच तवा उचलला आणि स्वतःच्या खुर्चीखाली ठेवला! मिरच्यांचा डबा लॅपटॉपच्या मागं. मला देवाची शप्पथ घातली. मी म्हटलं, नाही हलत इथून, जा. दाराआड पाटावर बसले. कुकरसुद्धा लावला नाही, शिट्टी व्हायला नको म्हणून.

बोलली गं पोर! कोंबडीचं म्हण, गरुडाचं म्हण, काय ते सगळं धडाधड. कोणी मधे काही विचारलं तर अडखळली नाही. तो निळा रंग पण मी दाराच्या फटीतून बघितला. चांगला दिसत होता, आता खोटं कशाला बोलू.

संपलं. मग खन्ना साहेबच बोलला. इंग्लिशमध्ये बोलला, मला काही कळलं नाही. फक्त शेवटी 'मुंबई' कळलं, आणि 'मंडे'.

मी बघते तर हर्षूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! नाक लाल, तोंडातून शब्द फुटेना.

तिकडून साहेब हळूच म्हणाला, "हर्षदा, दादीजी से कहो, तवा उतार दें." म्हणजे तव्याची चरचर त्याला इतके दिवस ऐकू जात होती!

पोर खाली वाकली, खुर्चीखालचा तवा काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. गार, धुतलेला.

"सर, आज तवा नहीं है."

तिकडे पोर पक्की झाली. इकडे मी दाराआड. सोमवारची तिची गाडी. प्लास्टरही त्याच्या आधीच निघणार.

मीटिंग बंद झाल्यावर मी आत गेले. तिच्या हातातून तवा घेतला, लॅपटॉपच्या मागचा डबा घेतला, गॅस पेटवला, आणि चांगल्या दोन मुठी मिरच्या टाकल्या. मग दोघींनी खुशाल डोळे पुसले.

आता तू अशी तोंडाकडे काय बघतेस? यंदाचा मसाला कधीच झाला होता, मग मिरच्या कशाला, म्हणून विचारू नको. हे घे विरजण. सांडतंय बघ, धर नीट. जाय आते घर, जाय!